जहाजाचा रंग आणि प्लिमथचा शंख

लोकलमध्ये ऐकत असाल तर आवाज थोडा वाढवा. आणि जेवताना ऐकत असाल तर आधीच सांगते, मधे एक-दोन ठिकाणी कसंसंच होईल. मग म्हणू नका की सांगितलं नाही.

तर झालं असं. माझी मावसबहीण प्लिमथला असते. प्लिमथ म्हणजे इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडचं बंदराचं शहर. परवा तिने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो टाकला. तळहातावर एक शंख. अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा, मळकट पांढरा, जाड कवचाचा. खाली लिहिलेलं, "ओळख बघू."

मी लिहिलं, "ताई, हा तर आपल्या मिऱ्याच्या खडकावरचा वाटतोय."

"मिऱ्या कुठला, वेडे! इथल्या पाण्यात पाय घातलास तर किंचाळशील. हा इथला आहे. आणि याच्यावर एक एपिसोड कर, मग कळेल याने जगाला काय करायला लावलं ते."

आता असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. मग काय, चार-पाच रात्री वाचत बसले. आणि खरं सांगते, जाहिरातीसारखं वाटलं तरी चालेल, गेल्या कित्येक महिन्यांत मी वाचलेली ही सगळ्यात भारी गोष्ट आहे.

याचं नाव डॉग व्हेल्क. शास्त्रीय नाव न्यूसेला लॅपिलस. नावात डॉग असला तरी कुत्र्याशी काही संबंध नाही. मराठीत याला नाव नाही, कारण हा आपल्या समुद्रात राहतच नाही. उत्तर अटलांटिकच्या दोन्ही काठांवर याचं घर. इकडे पोर्तुगालपासून वर नॉर्वेपर्यंत, मधे आइसलँड, आणि पलीकडे कॅनडा-अमेरिकेचा ईशान्य किनारा. 'व्हेल्क' हे तसं ढोबळ नाव आहे. मांस खाणाऱ्या समुद्री गोगलगायींच्या बऱ्याच जातींना इंग्रजीत सरसकट व्हेल्क म्हणतात. तिकडे लोक उकडून खातात तो मोठा व्हेल्क वेगळा. तो या गोष्टीत पुढे एकदा डोकावून जाईल.

आपला हा छोटा. साधारण तीन सेंटिमीटर. पण रंग बघाल तर किती! पांढरा, पिवळा, तपकिरी, जांभळट, काहींवर पट्टे. एकाच खडकावर चार रंगांचे बसलेले असतात. आणि शंखाचा आकार बघून तो कुठून आणलाय त्याचा अंदाज येतो. जिथे लाटा जोरात आपटतात तिथले शंख बुटके आणि तोंडाला रुंद, कारण आत मोठा पाय हवा, खडक घट्ट धरून ठेवायला. जिथे पाणी शांत असतं तिथे लाटांची भीती कमी, पण खेकडे जास्त. मग तिथले शंख लांबट, कवच जाड आणि तोंड अरुंद. खेकड्याची नांगी आत जायला नको ना!

आता खाणं. हा शिकारी आहे. हो, गोगलगाय असून शिकारी. याचं मुख्य खाद्य दोन. एक म्हणजे बार्नेकल. खडकावर, होडीच्या बुडाला पांढरे, खरखरीत, छोट्या ज्वालामुखीसारखे सुळके चिकटलेले असतात बघा, ज्यांनी पाय कापतो, ते. आणि दुसरं म्हणजे शिंपले, आपल्याकडच्या शिणाण्यांचे तिकडचे भाऊबंद. शिंपला तर दार बंद करून बसलेला. मग हा काय करतो? त्याच्या पायात एक ग्रंथी असते. तिच्यातून एक स्राव शिंपल्यावर लावायचा, त्याने कवच मऊ पडतं. मग जिभेवरच्या बारीक दातांनी, कानस चालवावी तसं, खरवडायचं. परत स्राव, परत कानस. असं करत आरपार गोल भोक पाडायचं. एका शिंपल्यामागे कधीकधी काही दिवस जातात. भोक पडलं की त्यातून सोंड आत, पाचक रस आत, आणि आतल्या जिवाचं सूप झालं की ते ओढून घ्यायचं. (जेवणाऱ्यांना सॉरी.)

पण शिंपलेही काही कमी नाहीत. शिंपला ज्या चिवट धाग्यांनी खडकाला बांधून घेतो, तेच धागे तो जवळ आलेल्या व्हेल्कवर चिकटवतो. शेजारचेही चिकटवतात. व्हेल्क जागच्या जागी बांधला जातो आणि तिथेच उपाशी मरतो. शिंपल्यांच्या दाटीत असे दोऱ्यांनी जखडलेले व्हेल्क सापडतात. ज्याला आपण 'शांत समुद्रकिनारा' म्हणतो तिथे हे चाललेलं असतं!

एक गंमत पटकन सांगून टाकते. याच्या अंगात एक ग्रंथी आहे, तिच्यातला द्रव पांढुरका असतो. कापडावर लावून उन्हात धरला की तो हिरवा होतो, मग निळा, मग जांभळा. आणि वास भयंकर. रोमन बादशहांच्या जांभळ्या वस्त्रांचा रंग ज्या भूमध्य समुद्रातल्या शंखांपासून यायचा, ते आणि हा एकाच कुळातले. बीड नावाच्या इंग्रज मठवासी इतिहासकाराने आठव्या शतकात ब्रिटनच्या या शंखांच्या रंगाबद्दल लिहून ठेवलंय. असो, रंगाची खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती कापडाच्या रंगाची नाही.

त्याआधी याची पोरं. हा भाग नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

समुद्रातले बरेच शंख-शिंपले काय करतात, अंडी पाण्यात सोडून देतात. त्यातून सूक्ष्म पिल्लं निघतात, प्रवाहाबरोबर वाहतात, आणि जमलं तर कुठल्यातरी लांबच्या खडकावर जाऊन बसतात. एक किनारा उजाड झाला तरी दुसरीकडून पिल्लं वाहत येतात. डॉग व्हेल्क तसं करत नाही. मादी खडकाच्या सावलीतल्या भेगेत पिवळसर, उभ्या कुप्या चिकटवते. लांबून बघितलं तर कुणीतरी भाताचे दाणे उभे करून ठेवलेत असं वाटतं. एका कुपीत काहीशे अंडी असतात, पण त्यातली बहुतेक पिल्लं होण्यासाठी नसतातच. ती शिदोरी असते. जी थोडी पिल्लं वाढतात ती बाकीची अंडी खाऊन वाढतात. साधारण चार महिन्यांनी कुपीतून पंचवीस-तीस इवलेसे व्हेल्क शंखासकट चालत बाहेर येतात. चालत, मंडळी. पोहत नाही, वाहत नाही. आणि मग ज्या खडकावर जन्मले त्याच्याच आसपास सगळं आयुष्य, सहा ते दहा वर्षं, काढतात.

म्हणजे एखाद्या खडकावरचे व्हेल्क संपले तर शेजारच्या खाडीतून कुणी लगेच येणार नाही. आणि दुसरं म्हणजे एखाद्या खडकावरच्या व्हेल्कला काही झालं असेल, तर ते त्याला तिथेच झालंय.

आता बोटींकडे येऊ.

कोकणातल्या लोकांना हे सांगायला नको. पावसाळ्याआधी होड्या वर ओढतात, शाकारतात, तेव्हा बूड बघा. बार्नेकल, कालवं, शेवाळ, सगळा संसार चिकटलेला. तो खरवडताना हात फाटतात. आणि नाही खरवडला तर होडी जड होते, इंजिन जास्त डिझेल खातं. हे एका होडीचं. मोठ्या मालवाहू जहाजाचं बूड म्हणजे दोन-तीन क्रिकेटची मैदानं. तिथे हा थर बसला की इंधनाचा खर्च कुठल्या कुठे जातो. त्यामुळे जहाजाच्या बुडाला विषारी रंग लावणं ही काही कुणा दुष्ट माणसाची कल्पना नव्हती. तांब्याचे पत्रे, तांब्याचे रंग हे शतकानुशतकं चालूच होतं.

१९६०च्या दशकात नवीन रंग आला. त्यात होतं ट्रायब्युटिलटिन, थोडक्यात टीबीटी. टिन म्हणजे कथील. पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात ते. कथील स्वतः तसं निरुपद्रवी, म्हणून तर आपण त्यातून जेवत आलो. पण त्या कथिलाच्या अणूला कार्बनच्या तीन साखळ्या जोडल्या की ते एकदम वेगळंच प्रकरण होतं. सत्तरच्या दशकात तर असा रंग आला की जो साबणाच्या वडीसारखा हळूहळू झिजतो. वरचा थर झिजला की खाली ताजा थर, ताजं विष. चार-पाच वर्षं बोट वर काढायलाच नको. बोटवाले खूश. मी त्यांच्या जागी असते तर मीही खूशच झाले असते, खोटं कशाला बोलू!

आणि मग १९७० साली प्लिमथमध्ये स्टीफन ब्लेबर नावाच्या संशोधकाने एक छोटा निबंध छापला. त्याने किनाऱ्यावरचे डॉग व्हेल्क फोडून तपासले होते. आणि त्याला काही माद्यांच्या डोक्याजवळ, उजव्या शिंगामागे, नराच्या लिंगासारखा एक अवयव उगवलेला दिसला. मादीला. त्याने जे दिसलं ते नोंदवलं. कारण माहीत नव्हतं.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत स्मिथ नावाच्या शास्त्रज्ञाला चिखलात राहणाऱ्या एका वेगळ्याच जातीच्या गोगलगायीत हेच दिसलं. मादीवर नराची लक्षणं लादली गेली, म्हणून त्याने याला नाव दिलं 'इम्पोसेक्स'. त्याच्या लक्षात आलं की जिथे बोटी नांगरून ठेवतात त्याच्या जवळ हे प्रमाण जास्त आहे, लांब गेलं की कमी. मग एकेक शक्यता बाजूला काढत काढत १९८१ साली त्याने बोट ठेवलं ते बोटीच्या रंगावर. टीबीटीवर.

पहिल्यांदा वाचताना मला हसू आलं होतं. तुम्हालाही आलं असेल, येऊ दे. पण आता पुढचं ऐका.

नराची ही लक्षणं म्हणजे फक्त एक जास्तीचा अवयव नाही. मादीच्या अंगात नराची वीर्यवाहिनीसुद्धा तयार व्हायला लागते. ती वाढत वाढत जाते आणि जिथून अंड्यांच्या कुप्या बाहेर पडतात ते तोंडच बुजवून टाकते. आत कुप्या तयार होतच राहतात. बाहेर पडायला वाट नाही. त्या आतच साठतात, काळ्या पडतात, गोळा होतो, आणि शेवटी मादी त्याने मरते.

आणि शंख? शंख तसाच. बाहेरून काहीही दिसत नाही. तोच जाड, सुंदर, पट्ट्यापट्ट्यांचा शंख. पर्यटक आले, त्यांनी शंख उचलून खिशात घातले, कुणाला पत्ता नाही. म्हणून मला ती कवचावर प्रेम करणारी मंडळी आवडतात पण त्यांची थोडी कीवही येते. (मी स्वतः त्यातलीच आहे, घरी बरण्या भरल्यात.) इथे कवच फोडल्याशिवाय, आतला जीव भिंगाखाली ठेवल्याशिवाय काही कळत नाही.

एक खूण मात्र बाहेरून दिसते. पण ती दिसण्यासाठी नसलेली गोष्ट बघता यावी लागते. खडकावर मोठे शंख आहेत, पण लहान नाहीत. भेगांमध्ये पिवळ्या कुप्या नाहीत. सगळे म्हातारे. आपल्याकडे कोकणातल्या काही वाड्यांमध्ये गेलं की कसं आजी-आजोबाच दिसतात, अंगणात पोर दिसत नाही, तसं. तो खडक भरलेला दिसतो, पण खरं तर तो संपलेला असतो. फक्त संपायला अजून काही वर्षं लागणार असतात.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर प्लिमथच्या मरीन बायोलॉजिकल असोसिएशनमधल्या लोकांनी, म्हणजे जेफ्री ब्रायन, पीटर गिब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, नैर्ऋत्य इंग्लंडचा किनारा पालथा घातला. खडकामागून खडक. कुठे किती व्हेल्क आहेत, माद्या किती, त्यातल्या किती बिघडलेल्या, कितपत बिघडलेल्या. १९८६ साली त्यांचा निबंध आला. बंदरं आणि बोटींच्या गोद्या जवळ असलेल्या जागी व्हेल्क नाहीसे होत चालले होते, आणि लांबच्या उघड्या किनाऱ्यांवरही माद्यांमध्ये थोडीफार लक्षणं होतीच. त्यांनी स्वच्छ किनाऱ्यावरचे व्हेल्क उचलून बोटींची गर्दी असलेल्या खाडीत नेऊन ठेवले, तर त्या माद्यांमध्येही तेच सुरू झालं. प्रयोगशाळेत पाण्यात टीबीटी घालून बघितलं, तरी तेच.

आणि किती टीबीटी लागतं यासाठी? इथे मी वाचायची थांबले होते, उठून पाणी प्यायले. एका लिटर पाण्यात एक नॅनोग्रॅमच्या आसपास. सुरुवातीची लक्षणं तर त्याहूनही कमीवर. नॅनोग्रॅम म्हणजे काय ते डोळ्यासमोर येत नाही, म्हणून मी हिशेब केला. ऑलिम्पिकचा पोहण्याचा तलाव, पन्नास मीटर लांब, पंचवीस रुंद, दोन मीटर खोल. त्यात पंचवीस लाख लिटर पाणी मावतं. त्या अख्ख्या तलावात अडीच मिलिग्रॅम टाकायचं. अडीच ग्रॅम नाही, मिलिग्रॅम. मीठ म्हणाल तर चिमूटसुद्धा नाही, बोटाला चिकटून राहतील तेवढे कण. एवढ्यावर व्हेल्क मादी वांझ व्हायला लागते.

हे असं का होतं, याचा एक मोठा धागा जपानी शास्त्रज्ञांना २००४ साली सापडला. शरीरातल्या पेशींमध्ये एक कुलूप असतं, त्याला शरीराची स्वतःची एक किल्ली लागते, ती 'अ' जीवनसत्त्वाच्या घराण्यातली. टीबीटी त्या कुलपात नकली किल्लीसारखं बसतं आणि ते उघडतं. म्हणजे हे विष मारत नाही, हे चुकीचा निरोप देतं. निरोपाला किती आवाज लागतो? कानात कुजबुजलं तरी पुरतं. आणि हो, त्या कुलपाचं आपल्या शरीरातलं रूपही आहे. त्यावरून घाबरवायचं नाहीये मला, तो वेगळा विषय आहे, पण 'गोगलगायीचं काय घेऊन बसलीस' असं कुणी म्हटलं तर एवढं सांगा.

आता तुम्ही विचाराल, मग लगेच बंदी घातली असेल ना? इथेच तर खरी गोष्ट आहे.

पहिली बंदी आली ती व्हेल्कमुळे नाहीच. ती आली कालवांमुळे. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर आर्काशों नावाचा उपसागर आहे, कालवांच्या शेतीसाठी प्रसिद्ध. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथली कालवं बिघडली. कवचं नको तेवढी जाड, वेडीवाकडी, आणि आत खायला काही नाही. नवीन पिल्लं धरेनात. लोकांचा धंदा बसला. मग १९८२ साली फ्रान्सने पंचवीस मीटरपेक्षा लहान बोटींना हा रंग लावायला बंदी केली. ब्रिटनने १९८७ साली. मला याचं वाईट वाटत नाही, जगात असंच चालतं. माणसाच्या ताटातलं गेलं की आरडाओरडा होतो. खडकावरची गोगलगाय गेली तर कोण ओरडणार?

पण पंचवीस मीटर हा आकडा लक्षात घ्या. विचार असा होता की छोट्या बोटी खाडीत, गोदीत दाटीवाटीने उभ्या असतात, म्हणून त्यांचा त्रास. मोठी जहाजं खोल समुद्रात असतात, तिथे पाणी अथांग, विष विरून जाईल. ऐकायला पटतं. फक्त व्हेल्कला ते पटलं नाही.

स्कॉटलंडच्याही उत्तरेला शेटलंड बेटं आहेत. तिथे सलम व्हो नावाच्या खाडीत तेलाचं मोठं टर्मिनल. तिथे हौशी बोटी नाहीत, तिथे येतात ते तेलाचे अजस्र टँकर, ज्यांना हा रंग लावायला पूर्ण परवानगी होती. १९८७ पासून तिथले डॉग व्हेल्क तपासायला घेतले, आणि माद्या बिघडलेल्या निघाल्या. मग १९९४ साली नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञांनी उत्तर समुद्राच्या तळातला तो मोठा, खाण्याचा व्हेल्क तपासला. किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यातला. जिथे जहाजांची वाहतूक दाट, तिथे इम्पोसेक्स जास्त. म्हणजे 'अथांग समुद्रात विरून जाईल' हे संपलं.

तरी जागतिक करार व्हायला २००१ साल उजाडलं. ५ ऑक्टोबर २००१. आणि तो अमलात कधी आला? १७ सप्टेंबर २००८. ब्लेबरने फोडलेल्या त्या व्हेल्कपासून मोजा. अडतीस वर्षं. ज्या वर्षी त्याने निबंध लिहिला त्या वर्षी जन्मलेलं मूल तोवर स्वतः आई-बाप होऊन गेलं.

मधल्या काळात खडकांवर काय झालं? कितीतरी जागी व्हेल्क संपले. पण एका जागची गोष्ट मला सांगायचीच आहे. इंग्लंडच्या आग्नेय टोकाला, केंट परगण्यात, डम्प्टन नावाची एक जागा आहे. आजूबाजूचे व्हेल्क गेले तरी तिथले टिकून होते. गिब्ज तिथे गेला, बघतो तर काय, तिथल्या काही नरांचं लिंग खुरटलेलं, काहींना तर नाहीच. हा दोष जन्मजात, आनुवंशिक. एरवी अशा नराचं काही खरं नाही. पण तोच दोष मादीत असला तर? टीबीटीने कितीही निरोप दिला तरी तिच्या अंगात नराचे अवयव धड तयारच होत नाहीत. वाट बुजत नाही. कुप्या बाहेर पडतात. जो दोष होता, तोच त्या खडकाला तारून गेला. १९९३ साली त्याने हे छापलं.

मला यातून 'निसर्ग मार्ग काढतोच' वगैरे म्हणायचं नाहीये, प्लीज. निसर्गाने मार्ग काढला तो एका खडकावर, नशिबाने. बाकीच्या खडकांना कायद्याची वाट बघावी लागली.

आता आपल्याकडे. तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं, थंड पाण्यातलं. मलाही तसंच वाटत होतं. पण जहाजं तीच असतात ना! तेच जहाज आज रॉटरडॅमला आणि महिन्याभराने मुरगावला. तर याच कुळातला एक छोटा शंख आपल्या खडकांवर राहतो. त्याचं नाव क्रोनिया कोंकणेन्सिस. कोंकणेन्सिस! नावातच कोकण. आणि १९९९ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मुरगाव बंदराच्या परिसरातल्या या शंखात इम्पोसेक्स सापडल्याचा निबंध छापला. ज्या किनाऱ्यावर आपण सेल्फी काढतो तिथल्या खडकावरच्या माद्या.

हे वाचलं आणि मी ताईला रात्री साडेबाराला मेसेज केला, "अगं, मिऱ्या म्हणाले होते ना, फार काही चुकले नव्हते!" तिकडे संध्याकाळचे सात-आठ असतील. तिने फक्त एक डोळे मोठे केलेला इमोजी पाठवला.

२०१५ साली भारतही त्या करारात आला. आता नवीन जहाजांना टीबीटी लागत नाही. तिकडे बऱ्याच ठिकाणी व्हेल्क परत आलेत. सावकाश, कारण चालत यायचं असतं त्यांना. सलम व्होमधल्या माद्याही सुधारत गेल्या. पण जुनं टीबीटी बंदरांच्या तळच्या गाळात अजून आहे. पाण्यात ते लवकर विघटित होतं, पण गाळात हवा नाही, उजेड नाही, तिथे वर्षानुवर्षं टिकतं. म्हणून बंदरातला गाळ उपसायचा म्हटलं की हा प्रश्न परत वर येतो. शब्दशः वर येतो. आणि टीबीटीच्या जागी जे रंग आले त्यातलं सायब्युट्रिन नावाचं एक रसायनही त्याच कराराखाली २०२३ पासून बंद करावं लागलं. बोटीच्या बुडाला काहीच चिकटू नये आणि बाजूच्या खडकावर सगळं नीट चिकटून राहावं, असा रंग अजून कुणाला नीटसा जमलेला नाही. कुणी केमिस्ट्रीवाले ऐकत असाल तर बघा बुवा.

हां, एक राहिलं. एपिसोड लिहून झाल्यावर मी ताईला म्हटलं, शंखाचा फोटो नको, आता मला कुप्यांचा फोटो हवा. ती म्हणाली, "एवढ्या थंडीत?" मी म्हटलं, "ताई, तूच लावलंस ना मला कामाला." मग रविवारी ओहोटी बघून ती प्लिमथजवळच्या वेंबरीच्या खडकांवर गेली. दोन तास काही नाही. मग फोटो आला, थोडा हललेला, कारण हात गारठलेले. खडकाची एक ओली भेग, आणि आत पिवळे, उभे, दाटीवाटीने चिकटवलेले भाताचे दाणे. बाजूला दोन-तीन अगदी चिमुकले शंख.

हा फोटो खाली लावलाय, बघून घ्या. आणि पुढच्या ओहोटीला तुमच्या किनाऱ्यावर गेलात तर मोठ्या शंखांबरोबर लहान दिसतात का ते बघा, उचलू नका, आणि मला लिहून कळवा. जागा आणि तारीख नक्की लिहा.

चला, पुढच्या आठवड्यात भेटू. टाटा!